बॉबिनमधलं आमचं सूत

मी पत्रकं लिहिते. शिलाईच्या शेडमध्ये दिवसभर पाठ वाकवून बसणाऱ्या बायांसाठी लिहिते आणि बंद पडलेल्या मागांसाठीही लिहिते. पत्रकाचं एक बरं असतं. त्यात शत्रू समोर उभा असतो आणि आपण बरोबर असतो. बारा ओळींत सगळं सांगून होतं, खाली ‘सर्वांनी यावे’ लिहिलं की काम संपलं. आज जे लिहायला बसले आहे ते बारा ओळींत मावत नाही, आणि त्यात मी बरोबर नाही. माझं वय काही फार झालेलं नाही, तिशी ओलांडून थोडीच वर्षं झालीत. पण जिचा मी इतका हेवा केला तिचे केस आता कानांजवळ पांढरे व्हायला लागलेत. मागच्या खेपेला ते दिसले आणि वाटलं, आता लिहून टाकावं.

पवनीतलं आमचं घर म्हणजे पुढची एक लांब खोली आणि मागे जे उरेल ते. पुढच्या खोलीत दोन माग होते. आमचे माग खड्ड्याचे. विणणारा जमिनीच्या काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो, आणि उभ्या तारांमधून धोटा इकडून तिकडे फेकतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते, ती फिरत फिरत आडवं सूत सोडत जाते. खट, मग सर्र, मग पुन्हा खट. ह्या आवाजात मी रांगले, पाढे पाठ केले, तापात पडून राहिले. आवाज थांबला की आई चुलीपासून डोकावून बघायची. आतल्या बाजूचा माग बाबांचा, तो रोज चालायचा. दाराजवळचा आजोबांचा. आजोबा गेल्यापासून तो वर्षातून एक-दोनदाच चालायचा, पण त्याच्यावर धूळ बसू द्यायची नाही हे काम माझं होतं. आमच्यात पोरी-बायांनी कांड्या भरायच्या, ताणा म्हणजे उभ्या तारा लावायला हात द्यायचा, तुटलेली तार सांधायची. मागावर बसायचा तो बाप्या. तार सांधण्यात माझा हात घरात सगळ्यांत चांगला होता. मी सांधलेली जागा बाबांनाही बोटानं शोधावी लागायची. एकदा पेज पिता पिता ते बोलून गेले होते, “दहावी होऊ दे पनू, तुले दाराजवळच्या मागावर बसवतो. लोक हासले तर हासू दे.” माझं नाव प्रणाली, पण घरात पनू. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं जगत होते.

पेजेचं म्हणाल तर आमच्या घरी भाताची पेज माणसांच्या आधी सुताला. आई भात वेळायची, घट्ट पेज वेगळी काढायची आणि बाबा तिची खळ करून उभ्या तारांना पाजायचे. खळ प्यालेलं सूत वाळलं की ताठ होतं, मागाचे हजार दणके खातं आणि तुटत नाही. उरलेली पातळ पेज आम्ही मीठ घालून प्यायचो, वर लाखोळीची डाळ, वांगं असलं तर वांगं. अंगणात सूत वाळत असलं की सगळ्या घराला भाताचा वास. आणि आमच्या घरात कात्री नव्हती. हे मी भाषणात सांगते तेव्हा शहरातले लोक हसतात. पण लुगडं, धोतर, पंचा, जे जे आम्ही विणत आलो ते मागावरून उतरलं की सरळ अंगावर. त्याला ना बाही ना गळा ना बटण. तार तोडायची तर दातानं. कापड कापायचं असतं हे आमच्या घराला ठाऊक होतं, पण ते पाप दुसऱ्यांच्या घरी होत असे.

मग दादाचं लग्न झालं आणि कात्री आली. वहिनी लाखनीची. तिच्या वडलांचं महामार्गावर छोटं दुकान, ट्रकचे सीट-कव्हर आणि ताडपत्र्या शिवायचं. ती तिथेच शिकली, जाड रेक्झिनवर. लग्नात तिच्याबरोबर पायानं चालवायची शिलाई मशीन आली, काळी, सोनेरी फुलं अर्धी पुसलेली. कुठे ठेवायची? उजेड फक्त दाराशी. आजोबांच्या मागाला खेटून ठेवली. तिसऱ्या दिवशी वहिनी तिच्यावर बसली आणि घरात असा आवाज सुरू झाला ज्याला मधे श्वासच नव्हता. बाबांच्या मागाला एक वीत विणायला जितका वेळ लागे तितक्यात तिची अख्खी बाही जोडून व्हायची. मला तो आवाज आवडला नाही. खरं सांगू? आवाजाचं फारसं काही नव्हतं. तिच्या मशीनसाठी बाबा मागावरून उठले, ते मला आवडलं नाही.

बाबा कधी विणता विणता उठत नसत. पाहुणा आला तरी खड्ड्यातूनच बोलायचे. त्या दिवशी उठले, मशीनजवळ उकिडवे बसले, आणि वहिनीला म्हणाले, “खालून काय होऊन राहिलं ते दाखव बरं.” वहिनीनं सुईखालची पत्र्याची झडप सरकवली, बॉबिनची डबी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. वरचा धागा सुईबरोबर खाली जातो, खालचा ह्या डबीतून येतो, दोघांची गाठ कापडाच्या पोटात पडते. बाबांनी डबी उलटीपालटी केली. मग लहान पोरासारखे हसले. “अवो, हा तर धोटा हाय! पोटात कांडी बी हाय.” वहिनी म्हणाली, “मामाजी, दुकानात सगळे ह्याले शटलच म्हणतेत.” त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी मशीनजवळ बसायला लागले. तेल घालायचे, चाकाचा पट्टा बघायचे, वहिनीला ‘सूनबाई, सूनबाई’ करायचे. माझ्या सांधलेल्या तारा कोणी बोटानं शोधेना.

नंतर मी ह्या मशीनच्या शोधाबद्दल मिळेल ते वाचलं. पत्रकासाठीच वाचलं, राग जमवायला. युक्ती अगदी साधी होती. हातसुईचं नाक मागच्या टोकाला असतं, ते उचलून टोचणाऱ्या टोकाशी आणलं. आणि खालचा धागा न्यायला विणकराचाच धोटा घेतला, लहान केला. सुरुवातीला परदेशात सैन्याचे कपडे शिवायला अशा मशिनी मांडल्या, तेव्हा तिथल्या शिंप्यांनी दुकानात घुसून त्या फोडल्या होत्या. हे मी सभेत सांगते तेव्हा टाळ्या पडतात. हेही सांगते, की शिवणं सोपं झालं तसं कापलेलं कापड हाच कपडा ठरला, शर्ट, पँट, मॅक्सी, गणवेश. त्याला हवं गिरणीचं एकसारखं थानच्या थान, आणि आमचं मापात विणलेलं लुगडं पेटीत गेलं. ह्यातला एक शब्दही खोटा नाही. पण मशीन फोडावी असं मला पहिल्यांदा वाटलं तेव्हा ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त बाबांचा तळहात आणि त्याच्यावरची ती डबी माहीत होती.

मी दहावीत असताना वहिनीला आमच्याच शाळेच्या पोरींचे गणवेश शिवायचं काम मिळालं. पांढरे शर्ट, निळे स्कर्ट. कापड गिरणीचं, अर्थातच. त्या आठवड्यात जेवताना दादा म्हणाला, हे काम नीट पार पडलं तर दाराजवळचा माग काढू, खड्डा बुजवू, कापायचं टेबल आणि दुसरी मशीन तिथे बसेल. मी बाबांकडे पाहिलं. ते लाखोळीची डाळ भातात कालवत राहिले. म्हणाले, “काम पार पडू दे आधी.” माझ्याकडे पाहिलं नाही. मला दिलेला शब्द ते विसरले होते की आठवूनही गप्प होते, ते अजून मला ठरवता येत नाही.

शर्टांचा शेवटचा गठ्ठा राहिला होता, कापून तयार, आणि लाखनीहून निरोप आला की वहिनीची आई तापानं पडली आहे. वहिनी गेली. त्याच दोन दिवसांत सिहोऱ्याला आमच्या नात्यात लग्न होतं, तर आई, बाबा, दादाही गेले. माझी चाचणी परीक्षा म्हणून मी घरी, शेजारच्या काकूंच्या भरवशावर. शाळेतून आले की घर गप्प. दोन माग, एक मशीन आणि मी. चार महिने मी वहिनीच्या हातांकडे इतकं रोखून पाहिलं होतं की मला सगळं येत होतं. हेवा करणारा माणूस फार लक्ष देऊन शिकतो.

मी बसले. पहिल्या तासात चाक उलटं फिरवून दोनदा धागा तोडला, तिसऱ्या शर्टाला हात बसला. आणि मग ती गोष्ट डोक्यात आली, जी फक्त कोष्ट्याच्या पोरीच्याच डोक्यात येऊ शकते. बॉबिनमधला बाजारचा धागा संपला. वहिनीची रिळं पेटीत होती, मला दिसत होती. पण समोर बाबांच्या मागावर पांढरा ताणा लागलेला होता, आणि उरलेलं खळ पाजलेलं सूत बाजूला गुंडाळून ठेवलं होतं. मी म्हटलं, हा जर धोटा आहे, तर ह्याच्या पोटात आमची कांडी का नको? ज्या सुतानं मागाचे दणके सोसले ते बाहीची शिवण सोसणार नाही? वरच्या सुईत ते सूत टिकेना, पिंजून तुटायचं, म्हणून वर रीळ ठेवलं आणि खाली आमचं सूत. बॉबिन मी इतकी घट्ट आणि सपाट भरली की वहिनीनं भरली नसती. दोन दुपारींत गठ्ठा संपवला. टाका सरळ, एकही गाठ नाही. मला वाटत होतं, आता ह्या शर्टांच्या पोटात आमचा माग आहे, आणि हे जेव्हा बाबांना कळेल तेव्हा दाराजवळचा माग कोण काढतो ते बघू.

वहिनी परतली तेव्हा मी तिला सांगितलं की मी शिवले, पण कोणाला बोलू नका. तिनं दोन शर्ट उलटसुलट केले, म्हणाली, “बाई बाई, माया हातापेक्षा साफ हाय.” खालचं सूत तिनं चाचपलं नाही. आईच्या आजारपणानं तिचं ध्यान थाऱ्यावर नव्हतं. मला तिची शाबासकी नकोच होती. मला हवं होतं की बाबांनी ते तिचे समजून वाखाणावेत, सगळ्यांसमोर, आणि मग मी सांगावं. तसंच झालं. गठ्ठे बांधताना बाबांनी नेमका माझाच एक शर्ट उचलला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “सूनबाई, आता तुया टाका मागावर उतरल्यासारखा पडून राहिला.” वहिनी बोलायला गेली, “मामाजी, हे तर...” मी डोळ्यांनीच तिला थांबवलं. इतक्यात नको. शाळेत वाटप होऊ दे, मुख्याध्यापक बाई तारीफ करू देत, मग. आयुष्यात एवढी छान वाट मी कधी पाहिली नाही.

शनिवारी शर्ट वाटले गेले. रविवारी घरोघरी ते धुतले गेले. सोमवारी सकाळी प्रार्थनेला हात जोडायला वर केले तेव्हा माझ्या पुढच्या मुलीची काख उसवली, मग तिच्या शेजारची. संध्याकाळी आमच्या दारात चार आया उभ्या. गल्लीतल्या एका काकूनं शर्टाची बाही धडापासून वेगळी करून वहिनीच्या पुढ्यात टाकली. “हे टरकाची शिट नव्हती वो, माया पोरीचं आंग होतं. लाखनीत असाच टाका घालतेत का?” बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. दादाचं तोंड उतरलं. त्या गेल्यावर तो बाबांना म्हणाला, “राहू द्या बाबा. माग हाय तिथंच राहू द्या.”

इथे मला थांबून जे खरं आहे ते लिहायचं आहे. त्या क्षणी मला लाज वाटली नाही. आधी आनंद झाला. माग राहणार होता. त्यासाठी मला एवढंच करायचं होतं, की तोंड उघडायचं नाही.

वहिनीनं फाटकी बाही उचलली. शिवणीतून लोंबणारा खालचा धागा दोन बोटांत धरला, ओढला. तो कुजक्या गवतासारखा तुटला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, फक्त एकदा, आणि नजर खाली नेली. तेवढ्यात बाबा खड्ड्यातून वर आले. त्यांनी आया टाकून गेलेल्या शर्टांतला एक उचलला, धुवायचा राहिलेला, त्यातला धागा उसवून जिभेवर ठेवला. ती खळ त्यांनीच शिजवली होती.

“हे माया ताण्याचं सूत हाय,” बाबा म्हणाले. “मशीनमंधी कोणं घातलं?”

“मीच, मामाजी,” वहिनी म्हणाली. “रीळ संपलं होतं. मले वाटलं चालंल.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट काहीतरी मऊ आलं होतं. सुनेला सुताचं काय कळणार, शिकेल, असं काहीतरी. म्हणाले, “टाका तं लई साफ होता पोरी.” तिला ‘पोरी’ म्हणाले. माझ्या टाक्यांवर तिला. आणि ती माझी चूक स्वतःच्या पदरात घेऊन अशी उभी की तिथेही घरातली चांगली तीच. माझी बदनामीसुद्धा तिला मिळाली होती आणि तिला शोभत होती. ते मला सोसलं नाही.

“ते टाके माझे आहेत,” मी म्हणाले. “सगळा गठ्ठा मी शिवला. सूतही मीच घातलं.”

लोक मला आज म्हणतात, तू फार सरळ बोलतेस. मी सरळ बोलायला अशी शिकले. त्यात सचोटी नव्हती. माझी वस्तू दुसरीच्या नावावर चालली होती, म्हणून मी बोलले.

बाबांनी मला हाताला धरून मागापाशी नेलं. ताण्यातली एक तार ओली करून माझ्या बोटांत दिली आणि ओढ म्हणाले. ती तुटली. शेजारच्या विणलेल्या कापडाला तसंच पाणी लावलं आणि ओढ म्हणाले. मी दोन्ही हातांनी ओढलं, काही झालं नाही. “एकटी तार नुसत्या खळीवर उभी असते,” ते म्हणाले. “धुतलं का खळ गेली. कापडात गेल्यावर आजूबाजूच्या तारा धरतेत तिले. शिवणीत तिले कोण धरते? तिथं पीळ घातलेला दोरा लागते.” मग तुटलेली तार सांधायला घेतली. शेवटी म्हणाले, “तुले माग कसा देऊ पनू? तुले अजून सूतच कळलं नाई.”

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

ते शर्ट पुन्हा शिवायला आठ दिवस गेले. मी उसवायची, वहिनी शिवायची. तिसऱ्या दिवशी तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, “बसा पनूबाई, कमर दुखून राहिली माई. आता दोरा तेवढा माया पेटीतला घ्या.” सगळ्या आयांकडे ती स्वतः जाऊन शर्ट देऊन आली, आणि पुढचं कामही तिलाच मिळालं. दाराजवळचा माग पावसाळ्याआधी निघाला. दादानं लाकडं सोडवली, बाबांनी फणी पुसून माळ्यावर ठेवली, वहिनीनं टोपलीनं माती आणून खड्डा भरला आणि मी शेणानं सारवला. दहावीनंतर मी शिकायला भंडाऱ्याला गेले, तिथून मोर्च्यांत, आणि पत्रकांत. मागाची बाजू घेणारी मी, मागावर कधी बसले नाही.

मशीननं विणकराच्या ताटातला घास नेला, असं मी लिहिलेलं पहिलं पत्रक घेऊन मोठ्या तोऱ्यात घरी गेले होते. आधी वहिनीलाच दिलं. तिनं मशीन थांबवून पूर्ण वाचलं, ओठ हलवत. मग म्हणाली, “बरोबर लिहिलं. पण मामाजींचा माग बंद झाल्यावर ह्या घरात घास कोण आणला, ते कुठं हाय?” त्यानंतर मी शिलाईच्या बायांसाठीही लिहायला लागले, त्यांच्या पाठीसाठी, त्यांच्या बसायच्या खुर्चीसाठी. लोकांना वाटतं माझे विचार रुंदावले. मी तिच्याकडून हरले होते, दुसऱ्यांदा.

बुजवलेला खड्डा दरवर्षी थोडा बसतो. वरून फरशी घातली तरी तीही बसली. तिथे ठेवलेल्या मशीनचा एक पाय अधांतरी राहतो आणि ती हलते. मागच्या खेपेला मी नवं पत्रक नेलं, तर वहिनीनं चष्मा लावून ते वाचलं, नीट चार घड्या केल्या, वाकली आणि मशीनच्या त्या पायाखाली सारलं. हलवून बघितलं. मशीन हलेना. “जाड कागद वापरत जा,” ती म्हणाली, आणि पायानं चाक सुरू केलं. कानांजवळचे तिचे केस मला तेव्हाच दिसले. मी दाराशी उभी राहून तिचा टाका बघत होते. सरळ पडत होता. माझा अजूनही तिच्यापेक्षा साफ पडतो, हे मी तिला सांगितलं नाही.